बरणीतली त्रेचाळीस नाणी

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येकाच्या हातावर बोजारा ठेवावा लागतो. त्या दिवशी सुटे पैसे कितीही असले तरी पुरत नाहीत. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या ओळखीच्या शेठजींनी गेल्या पोळ्याला फळीवरची एक बरणी खाली काढली. गल्ल्यात आलेलं 'येगळं दिसणारं' नाणं ते वीसेक वर्षं तिच्यात टाकत आले होते. बरणी उपडी केली, आणि नागपूरला शिकणाऱ्या त्यांच्या भाच्याच्या हाती पाच रुपयाचं एक नाणं लागलं. त्याच्या दोन्ही बाजूंना सिंह होते.

पुढचं मला चार दिवसांनी कळलं. मोबाईलवर दोन फोटो आले आणि खाली मजकूर: "काकाजी, दोन्हीकून सिंह हायेत. ओरिजनल हाय का? अर्जंट हाय."

अर्जंट का, ते फोन केल्यावर समजलं. भाच्याने नाण्याची जाहिरात टाकली होती. तासाभरात एकाचा फोन आला: रिझर्व्ह बँकेमार्फत खरेदी आहे, तीन लाख मिळतील, आधी नोंदणीचे २,१०० रुपये भरा. ते भरून झाले होते. आता तोच माणूस कराचे म्हणून ८,५०० मागत होता आणि मुदत संध्याकाळपर्यंतची होती. भाच्याला माझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं की नाणं खरं आहे. म्हणजे मामाकडे उरलेले पैसे मागता आले असते.

मी म्हटलं, एक रुपयाही भरू नको. रिझर्व्ह बँक लोकांकडून जुनी नाणी विकत घेत नाही, कमिशन मागत नाही, आणि तिचं नाव वापरून चाललेल्या या धंद्याबद्दल तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदव. नाण्याबद्दल मात्र फोटोवरून काही बोलणार नाही.

यात माझा ताठा नव्हता. फोटोत दोन्ही बाजूंचे सिंह उठावाचे दिसत होते, आणि नेमकं तेच मला खटकलं. उजेड वरून पडतोय असं धरून चालायची डोळ्याला सवय असते. दिवा खालच्या बाजूला असला की नाण्यातला खड्डा फोटोत उंचवटा दिसतो आणि उंचवटा खड्डा. फोटोवरून चुकीचं नाणं, म्हणजे टाकसाळीतच बिघडून निघालेलं नाणं, ओळखण्यात निम्मी फसगत इथेच होते. नाणं हातात घेऊन दिव्याखाली फिरवलं की खोल काय आणि वर काय ते अर्ध्या मिनिटात ठरतं.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. पिशवीत दहापटीचं भिंग, लाऊडस्पीकरमधलं जुनं चुंबक आणि दारव्ह्याच्या एका सराफ मित्राकडून मागून आणलेला छोटा वजनकाटा. शिवाय रोजच्या चलनातली चांगली नाणी, प्रत्येक प्रकाराचं एकेक. भिंगाविना एकवेळ निभेल, पण जोडीला ठेवायला चांगलं नाणं नसेल तर तपासणी नुसती बडबड होते. मी बँकेत रोखपाल होतो. एकतीस वर्षं नाणी मोजली, पण पाहायला शिकलो निवृत्तीनंतर.

दोन सिंह

शेठजींनी पितळी ताटात बरणी ओतली. मोजली तर त्रेचाळीस. भाच्याने सिंहवालं नाणं रुमालात वेगळं बांधून ठेवलं होतं.

वजन ८.९६ ग्रॅम भरलं. १९९२ मध्ये आलेला तांबं-निकेलचा पाच रुपया ९ ग्रॅमचा असतो, म्हणजे वजन ठीक. चुंबकाला चिकटलं नाही, तेही ठीक. तांबं-निकेल चिकटत नाही. कडेला भिंग लावून पूर्ण फेरी मारली, सांधा नाही. दोन नाणी अर्धी-अर्धी घासून एकमेकांना चिकटवण्याचा एक प्रकार असतो, जादूचे प्रयोग करणारे तसलं नाणं वापरतात. ते हे नव्हतं. इथवर भाच्याचा चेहरा उजळत चालला होता.

आता नाणं असं जन्माला येऊ शकतं का? येऊ शकतं. टाकसाळीत दोन ठशांच्या मधे कोरी चकती येते, ठोका बसतो आणि नाणं बाहेर फेकलं जातं. कधी तयार झालेलं नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूला खरा ठसा असतो आणि दुसऱ्या बाजूला हे चिकटलेलं नाणं. त्या नाण्याची उघडी बाजू नव्या चकतीत रुतते. त्यामुळे एका अंगाला नेहमीचा उठावाचा सिंह उमटतो, तर दुसऱ्या अंगाला तोच सिंह आरशातल्यासारखा उलटा आणि खोल. नाण्यांच्या बाजारात याला 'लाखी' म्हणतात आणि शौकीन त्याच्यासाठी खरोखर पैसे मोजतात. भाच्याने हे सगळं वाचलं होतं. त्याच्या नाण्यावर एका बाजूचे सिंह उलटे आणि खोल होते, हेही खरं.

पण लाखीत एक गोष्ट कधीच नसते. ज्या बाजूला उलटा सिंह आहे, त्या बाजूला मूल्याचा आकडा उमटायला वावच मिळालेला नसतो. आकड्याचा ठसा त्या चकतीपर्यंत पोचलेलाच नाही, मधे चिकटलेलं नाणं होतं. मी भाच्याला भिंग दिलं आणि म्हटलं, सिंहाच्या पायाशी पाहा.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "काकाजी, इथं पाचाचं पोट दिसून रायलं."

दिसत होतं. दाबून सपाट झालेला पाचाचा आकडा सिंहाखाली दबून होता, पुसलेल्या पाटीवर जुनी अक्षरं राहावीत तसा. म्हणजे आधी हे साधंसुधं पाच रुपयाचं नाणं होतं. नंतर कुणीतरी त्याच्या आकड्याच्या बाजूवर दुसऱ्या नाण्याची सिंहाची बाजू ठेवून दोन्ही व्हाइसच्या लोखंडी शिकंज्यात आवळली होती. एकदा हे लक्षात आल्यावर बाकीच्या खुणा आपोआप दिसू लागल्या. उलटं चित्र मिलिमीटरभर सरकलेलं होतं, आणि वरच्या नाण्याच्या काठाचा चावा एका बाजूला अर्धगोल उमटला होता. चांगल्या बाजूचे सिंहही धड नव्हते. आजूबाजूची जागा नवी कोरी, पण सिंहांची नाकं आणि छाती चकचकीत सपाट. वापराने झिजलेलं नाणं असं एकाच उंचीवर आरसा मारल्यासारखं सपाट होत नाही. व्हाइसचा जबडा तिथे टेकला होता.

"कोणं केलं असंन हे?" शेठजींनी विचारलं.

कुणीही केलं असेल. वेल्डिंगच्या दुकानात रिकामा वेळ असलेल्या पोरानेही. फसवायच्या हेतूनेच केलं असेल असं नाही. पण भाच्याने नाणं पुन्हा रुमालात बांधलं तेव्हा त्याला राग फोनवाल्याचा आला होता की माझा, ते मला सांगता येणार नाही.

मी चुकलो ते नाणं

आता बाकीची बेचाळीस. संध्याकाळ झाली होती, एक पिवळा बल्ब, वीज जा-ये करत होती आणि दुकानात गिऱ्हाईक चालूच. मी भराभर बाजूला काढत गेलो. त्यात एक रुपयाचं पोलादी नाणं होतं, १९९२ पासून आलेलं २५ मिलिमीटरचं. त्याच्या खालच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला. मी हातात घेतलं, म्हटलं, "हे कुणीतरी कानशीनं घासलंय," आणि खराब नाण्यांच्या ढिगात टाकलं. शेठजींनी तो ढीग उचलून गल्ल्यात लोटला.

रात्री दारव्ह्याला परतताना एसटीत ते नाणं डोळ्यापुढून हलेना. कानशीने घासलेली कड सरळ होते किंवा बाहेरच्या अंगाला गोल राहते. या नाण्याची कड आत गोल होती, भाकरीचा घास चावून घ्यावा तशी. पोलादात असा सुबक अंतर्गोल घासायला गोल कानस लागेल, वेळ लागेल, आणि कारण तर काहीच नाही. एक रुपयासाठी एवढी मेहनत कोण करतो?

सकाळच्या पहिल्या गाडीने पुन्हा गेलो. शेठजी हसले. "साहेब, ते तं गेलं बापा. सकाळीच रुपयाची थैली बांधली, कंडक्टरले द्याची हाय." शंभर नाण्यांची प्लास्टिकची पिशवी काउंटरवर गाठ मारून तयार होती, कंडक्टर अजून यायचा होता. गाठ सोडली. साठ-सत्तर नाण्यांनंतर ते सापडलं.

दिवसाच्या उजेडात वीस मिनिटं त्या एका नाण्यावर गेली, आणि ती कशी गेली ते नीट सांगतो. या त्रेचाळिसांत खऱ्या अर्थाने काही शिकवलं असेल तर याने.

चकत्या कशा निघतात हे आधी समजून घ्यावं लागतं. धातूच्या पत्र्याची लांब पट्टी यंत्रात पुढे सरकत जाते आणि वरून पंच तिच्यातून गोल चकत्या पाडतात. करंजीसाठी पोळी लाटून वाटीने गोल कापावेत तसंच. पट्टी एखाद्या वेळी पुरेशी पुढे सरकली नाही, तर वाटी आधीच्या भोकावर थोडी चढते आणि नवी चकती चावल्यासारखी निघते. आधीच्या भोकाचा गोल तिच्यात राहतो. म्हणून पहिली तपासणी सोपी: त्याच मापाचं दुसरं नाणं त्या चाव्यात बसवून पाहायचं. बसलं. चाव्याचा गोल आणि रुपयाचा गोल जवळजवळ एकच. कानशीने घासणारा हे माप सांभाळत बसत नाही.

दुसरं, वजन. चावा सुमारे ३ मिलिमीटर खोल, तोंडाशी १२ मिलिमीटर रुंद. पूर्ण नाणं ४.८५ ग्रॅमचं. एवढा तुकडा गेला तर साधारण पाच टक्के कमी भरायला हवं. काट्याने ४.६२ दाखवलं. गणित जुळलं. पण कापून काढलेल्या तुकड्याचंही ते जुळलं असतं, त्यामुळे यावर मी फार भर देत नाही.

तिसरी गोष्ट निर्णायक. चकती कापून झाली की ठोका बसण्याआधी तिला दोन पोलादी खाचांमधून दाबत फिरवतात, त्याने काठ थोडा उचलला जातो. हा दाब समोरासमोरच्या दोन बाजूंवर एकाच वेळी पडतो. एका बाजूला धातूच नसेल तर तिथे दाब बसत नाही, आणि टेकायला काही नाही म्हणून बरोबर विरुद्ध बाजूही दाबाविना सुटते. परिणाम असा की चावा खाली असेल तर नाण्याच्या वरच्या टोकाचा काठ पडका, पातळ, कधी जवळजवळ नाहीसा असतो. जगभरचे नाणेशौकीन याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तयार नाण्याचा तुकडा घरी बसून कापणारा माणूस समोरचा काठ असा बसवू शकत नाही. तो काठ टाकसाळीतून भरीव होऊनच बाहेर पडलेला असतो.

मी नाणं तिरपं धरलं. खालच्या चाव्याच्या थेट समोर, वरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत काठ विझत गेला होता. दोन्ही बाजूंनी, एकाच जागी. आदल्या संध्याकाळी हे माझ्या हातात होतं आणि मी पाहिलं नव्हतं, कारण मी फक्त जिथे तुकडा नाही तिथेच पाहत होतो.

चौथी खूण अक्षरांची. ठोका बसताना धातू पसरतो आणि चहूबाजूंचं पोलादी कडं त्याला आवरतं. चाव्याच्या जागी आवरायला काही नसल्यामुळे धातू मोकळ्या जागेकडे ओढला जातो आणि जवळची अक्षरं निमुळती होत जातात. या नाण्यावर 'सत्यमेव जयते'ची उरलेली अक्षरं चाव्याकडे झुकून पातळ झाली होती. कापलेल्या नाण्यावर ती पूर्ण जाडीने येतात आणि कडेला मधेच तुटतात, बहुधा बारीक कुसळ ठेवून.

शेठजी काउंटरवर रेलून हे ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे ज्याले तुम्ही काल खराब म्हटलं तेच खरं निंगालं."

हाव जी, म्हटलं. असंच झालं.

चकती, ठसा, ठोका

यानंतर राहिलेली नाणी मी वेगळ्या रीतीने पाहिली. या नाण्यात काय बिघडलंय, असं विचारायचं सोडलं. हा बिघाड कुठे झाला, एवढंच विचारत गेलो. नाणं तीन गोष्टींतून घडतं: चकती, ठसा आणि ठोका. बिघाड या तिघांपैकी कुणाच्या तरी नावावर टाकता आला पाहिजे. चावा चकतीच्या नावावर. लाखी ठोक्याच्या. चित्र सरकून अर्धं नाणं कोरं राहतं तेही ठोक्याच्या. ठशाची पाळी खाली येतेच. आणि तिघांतही जागा सापडली नाही, तर बिघाड टाकसाळीत झालेला नाही, तो नंतर गावात झाला.

गावाचा वाटा बरणीत मोठा होता. एक सोनेरी रुपया: कुणीतरी मुलामा चढवलेला, चुंबकाला तसाच चिकटत होता. भोक पाडलेली, तारेने ओरखडलेली, कोपरा ठेचलेली अशी सहा. एक नया पैसा वाळवणातल्या पापडासारखा पुरा चपटा. तो पाहून मात्र मी हसलो. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला आमच्या दारव्ह्यावरून जायची, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर. आम्ही पोरांनी तिच्या रुळावर किती नये पैसे चपटे केले याचा हिशोब नाही. १९६४ नंतर नाण्यावरचा 'नया' शब्द गेला, पण त्यानंतरच्या पैशांनाही आम्ही तोच न्याय लावला. चपट्या नाण्यावरचं चित्र लांबत जातं, खाली रुंद होतं आणि नाणं वजनाला भरपूर असूनही पातळ असतं. ते ओळखायला मला भिंग लागलं नाही.

दहा रुपयाची नऊ नाणी शेठजींनी निराळ्याच कारणाने ठेवली होती. कुणी सांगितलं होतं की दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. ही अफवा आमच्या भागात इतकी मुरली होती की बाजारात दहाचं नाणं कुणी हाती घेत नसे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की दहा रुपयाची चौदा वेगवेगळी चित्रं निघालेली आहेत, रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेली सगळी चालतात. तेव्हा ही नऊ नाणी चुकीची नाहीत आणि खोटीही नाहीत, एकाच मूल्याची वेगवेगळी चित्रं आहेत. शेठजींनी नव्वद रुपये उचलून गल्ल्यात टाकले. त्या दिवसाची एवढीच रोख कमाई.

गेंड्याचं चित्र असलेले पंचवीस पैसे अकरा निघाले. ते ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत. त्यांत वेगळं काही नव्हतं. तान्ह्या पोळ्याला पोरांनीही घेतले नसते.

दोन रुपयाच्या अकराकोनी नाण्यांपैकी सहांवर आकडे दुहेरी दिसत होते. भाच्याची खात्री होती की ठसाच दुहेरी कोरला गेलाय. असं होतं, पण क्वचित. मूळ साच्यावरून ठसा तयार करताना तो दोनदा, किंचित फिरून दाबला गेला, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर दुहेरी आकडा येतो. तो गोलसर आणि भरीव असतो, कोपऱ्याला फाटा फुटल्यासारखा, आणि आकडा नेहमीपेक्षा जाड होतो. या सहा नाण्यांवर आकडे उलट बारीक झाले होते आणि बाजूला सपाट पायरी पडली होती. ठोका बसल्यावर सैल झालेला ठसा उचलताना थरथरतो आणि ताज्या आकड्याला एका अंगाने सोलतो, त्याची ती पायरी. आमच्या एका जुन्या शिंपीकाकांचा हात कापायचा. त्यांच्या शिलाईत अशीच दुसरी रेघ यायची आणि ती दुहेरी शिलाई म्हणून कुणी जास्त पैसे दिले नाहीत. थरथरीचं नाणं बाजारात साध्या नाण्याइतकंच.

पन्नास पैशांची चार नाणी: इंग्रजी 'इंडिया'चं शेवटचं अक्षर पुसट. ठशाच्या खोबणीत वंगण आणि धूळ साचली की अक्षर भरत नाही. हा ठोक्यातला खराखुरा दोष, पण वंगण निघून गेलं की पुढच्या नाण्यावर अक्षर परत येतं, म्हणून त्याला वाण, म्हणजे नाण्याचा ठरलेला वेगळा प्रकार, म्हणत नाहीत. नखाने ती जागा तपासली. गुळगुळीत होती, घासल्याच्या रेघा नव्हत्या. चौघांची नोंद केली, पण हरखून जावं असं काही नाही.

वीटभट्टीचा तडा

एक रुपयाची दोन नाणी मी स्वतःहून मागून घेतली. ती बरणीत कशी आली हे शेठजींना आठवत नव्हतं. दोन्हींवर हैदराबाद टाकसाळीची खूण असलेली चांदणी, साल एकच, आणि काठापासून चित्रातल्या कणसाकडे जाणारी एक केसाएवढी रेघ.

भाचा म्हणाला, "ओरखडा हाय."

गावाबाहेर वीटभट्टी आहे. त्याला म्हटलं, तिथल्या साच्याला आतून तडा गेला तर विटेवर काय येईल? तो क्षणभर थांबून म्हणाला, "वर आलेली रेघ." तेच. ठशाला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा खोल असतो, तडा उंच. नख आडवं फिरवलं की अडखळतं की घसरतं ते कळतं, आणि दिवा फिरवला की सावली कुठल्या बाजूला पडते तेही.

दोन्ही रेघा उंच होत्या. पण मला गंमत वाटली ती पुढची. पहिल्या नाण्यावर रेघ कणसाच्या टोकाशी थांबली होती. दुसऱ्यावर तीच रेघ, त्याच काठाच्या त्याच जागेवरून निघून, कणीस ओलांडून आकड्याला भिडली होती. एकाच ठशाची दोन वयं. आधी तडा लहान होता, मग हजारो ठोके बसले, तडा वाढला, आणि दोन्ही वयांचं एकेक नाणं फिरत-फिरत एका गावातल्या एका बरणीत येऊन पडलं. याला बाजारात फार किंमत नाही. मी तरी अर्धा तास त्यावर घालवला असता, पण शेठजींनी चहा आणला.

बारीक वाण ओळखायची खरी रीत इथेच आहे. एकट्या नाण्यावर निकाल देऊ नये. ठशाचा दोष त्या ठशाच्या पुष्कळ नाण्यांवर त्याच जागी सापडतो, अपघात एकदाच होतो. जोडी सापडली की बोलायला बळ येतं.

'एच'

शेवटी एक नाणं भाच्याने खिशातून काढलं. ते त्याने फोनवाल्यालाही सांगितलं नव्हतं. १९८५ चा रुपया, सालाखाली बारीक इंग्रजी 'एच'. "हे हैदराबादचं ना, काकाजी? एच फॉर हैदराबाद. सगळ्यावर चांदणी रायते, याच्यावर एच. म्हंजे चुकीचं चिन्ह."

तर्क झकास होता, फक्त चुकीचा. मुंबईची खूण चौकट, म्हणजे तिरपा चौकोन, हैदराबादची चांदणी, १९८८ मध्ये सुरू झालेल्या नोएडाची टिंब, कोलकात्याची खूणच नाही. 'एच' यांपैकी कुणाचाच नाही. १९८० च्या दशकात सुट्या नाण्यांची इतकी टंचाई झाली होती की सरकारने परदेशी टाकसाळींतून नाणी पाडून आणली. 'एच' म्हणजे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची हीटन टाकसाळ. तेव्हा चूक कुणाचीच नाही. हे टाकसाळीचं वाण आहे, संग्रहात एक खाना भरणारं, आणि दुर्मीळ मुळीच नाही. भाच्याने ते पुन्हा खिशात ठेवलं, बरणीत टाकलं नाही. मला ते आवडलं.

नोंद

चाव्याच्या नाण्यासाठी कागदी पाकीट केलं. नोंद भाच्याच्या हाताने लिहून घेतली, कारण पुढे हे त्यालाच करायचं आहे. एक रुपया, पोलाद. चकती अर्धवट कापलेली, चावा खाली, सुमारे ३ मिमी. विरुद्ध काठ विझलेला. वजन ४.६२ ग्रॅम. चावा दोन्ही बाजूंना खालीच आहे, म्हणजे दोन्ही ठसे एकमेकांशी सरळ बसलेले. साल '१९९' आणि पुढे गोल माथ्याचा अर्धा अंक.

टाकसाळ लिहायची वेळ आली तेव्हा तो न थांबता लिहू लागला: कोलकाता. चिन्ह नाही, म्हणजे कोलकाता.

मी त्याचा हात धरला. चिन्ह सालाच्या खाली असतं, आणि सालाच्या खालचा भागच तर पट्टीत राहून गेला. तिथे चौकट होती, चांदणी होती, टिंब होतं की काहीच नव्हतं, हे सांगणारा तुकडा कधीच वितळून दुसऱ्या चकत्यांत गेला असेल.

"मंग काय लिहू?"

काहीच नको, म्हटलं. त्याने खोडलं आणि ती ओळ रिकामी ठेवली.

पुढच्या महिन्यात तो नागपूरला परतला तेव्हा ते पाकीट एका व्यापाऱ्याला दाखवून आला. चारशे रुपये देतो म्हणाला. शेठजींना फोनवर सांगितल्यावर ते म्हणाले, चारशेसाठी विकू कायले, राहू दे. २,१०० ची तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. व्हाइसमधलं नाणं शेठजींनी काउंटरच्या काचेखाली ठेवलंय, पाचाचं पोट दिसेल अशा बाजूने.